असायलमचे कागद पाठवताय? महिना अक्षरात लिहा

ठाणे-नवी मुंबईतलं आपलं कोणी अमेरिकेत असायलम (मायदेशी छळाची भीती म्हणून तिथे आश्रय) मागत असेल आणि मराठी कागद इंग्लिश करून तुम्ही इथून पाठवत असाल तर खरा घोळ होतो तारखांचा. एफआयआरवरचं ०५/०८ म्हणजे आपल्याला ५ ऑगस्ट, तिकडे महिना आधी लिहितात म्हणून तिकडचा ऑफिसर वाचतो ८ मे, अर्जात मात्र ऑगस्ट, म्हणजे माणूस खोटं बोलतोय का असा संशय येतो, आणि या केसमध्ये तर बरंचसं त्याच्या शब्दावर विश्वास बसतो की नाही यावर असतं हो.

१. भाषांतरात प्रत्येक तारखेचा महिना अक्षरात लिहा. मूळ कागदावर काही खाडाखोड नको.
२. सगळ्या घटना तारखेनुसार एका पानावर उतरवा आणि अर्ज, एफआयआर, दवाखान्याचे पेपर त्याच्याशी ताडून बघा. नक्की आठवत नसेल तर 'साधारण' लिहा, अंदाजाने ठोकून देऊ नका.
३. भाषांतर पूर्ण हवं, गोल शिक्के, समासातले शेरे, मागची बाजू सगळं. खाली भाषांतर करणाऱ्याने 'मला दोन्ही भाषा येतात, भाषांतर पूर्ण आणि अचूक आहे' असं लिहून सही करायची, नुसता नोटरीचा शिक्का पुरत नाही.

एक सांभाळा, माणूस तिथे पोचल्यापासून १ वर्षाच्या आत अर्ज जावा लागतो, अपवाद फार थोडे. आणि एजंट म्हणाला की गोष्ट रचून टाकू, वर्क परमिट तरी मिळेल, तर अजिबात ऐकू नका, जाणूनबुजून खोटा अर्ज केल्याचं ठरलं तर तिथले इमिग्रेशनचे दरवाजे कायमचे बंद होऊ शकतात.