चार जीबीच्या संगणकावर ब्राउझरची मेमरी कशी मोजावी आणि कशी आवरावी

गोव्यातील फोंडा तालुक्यात आमच्या गावच्या वाचनालयात सहा संगणक आहेत आणि त्यांपैकी चारांमध्ये प्रत्येकी ४ जीबीच मेमरी, म्हणजे रॅम, आहे. संध्याकाळी तेथे मुले प्रवेशाचे आणि शिष्यवृत्तीचे अर्ज भरतात, वडीलधारी मंडळी जमिनीचा एक-चौदाचा उतारा काढून घेतात आणि भजनी मंडळातील कोणी जुनी ध्वनिमुद्रणे ऐकत बसतो. ही सारी कामे ब्राउझरमध्येच होतात. गेल्या श्रावणात एका मुलीने पाऊण तास खपून भरलेला अर्ज, जोडपत्र उघडण्यासाठी तिने दुसरा टॅब उघडताच, संगणक गोठल्यामुळे पुसला गेला. पान पुन्हा उघडले तेव्हा सगळे रकाने कोरे होते आणि अर्जाची मुदत त्याच रात्री संपणार होती. तिने तो अर्ज पुन्हा भरून वेळेत दिला, पण त्या दिवसापासून या संगणकांची देखभाल करणारा म्हणून मी ब्राउझरच्या मेमरीचा विषय नेटाने समजून घेतला. जुना संगणक वापरणाऱ्या कोणालाही उपयोगी पडेल अशा रीतीने ते येथे मांडतो.

पहिले काम मोजण्याचे आहे आणि बहुतेक लोक तेच टाळतात. विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबल्या की टास्क मॅनेजर उघडतो. त्यातील परफॉर्मन्स या भागात मेमरीचा आलेख दिसतो. तेथे किती मेमरी वापरात आहे यापेक्षा किती ‘अव्हेलेबल’ आहे, म्हणजे मागताच मिळण्याजोगी आहे, हा आकडा पाहावा, कारण रिकामी पडलेली मेमरी विंडोज स्वतःच पूर्वी वाचलेल्या फायली जवळ ठेवण्यासाठी वापरते आणि गरज पडताच ती सोडून देते. हा आकडा दोन-तीनशे एमबीपर्यंत खाली आला आणि त्याच वेळी डिस्कचा वापर सतत शंभर टक्क्यांजवळ दिसू लागला, तर संगणक मेमरीतील मजकूर डिस्कवर नेऊन ठेवत आहे आणि पुन्हा परत आणत आहे असे समजावे. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर हीच ये-जा संगणकाला गोठवते. ती होत नसेल, तर ब्राउझरने २ जीबी घेतली म्हणून घाबरण्याचे कारण नाही.

यानंतर ब्राउझरच्या आतील हिशेब पाहावा. क्रोम, एज आणि फायरफॉक्स या तिन्हींमध्ये, खिडकी समोर असताना, शिफ्ट आणि एस्केप या दोन कळा दाबल्या की ब्राउझरचा स्वतःचा टास्क मॅनेजर उघडतो आणि कोणता टॅब, कोणते एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडलेली जादा सोय) किती मेमरी घेत आहे याची यादी समोर येते. मेमरीच्या शीर्षकावर टिचकी मारली की सर्वांत जड पान वर येते. आमच्याकडे अशी यादी पहिल्यांदा पाहिली तेव्हा सकाळपासून उघडे राहिलेले व्हॉट्सअॅप वेब आणि कोणी तरी कधी तरी बसवलेले एक खरेदीच्या सवलती सुचवणारे एक्स्टेन्शन सर्वांत वर होते. विंडोजच्या यादीतील ब्राउझरच्या सगळ्या ओळींची बेरीज करून निष्कर्ष मात्र काढू नये. यातील प्रत्येक ओळ म्हणजे ब्राउझरची एक प्रक्रिया, म्हणजे स्वतंत्र चालणारा तुकडा, असतो; या प्रक्रिया मेमरीचा काही भाग सामाईक वापरतात आणि मोजण्याची पद्धत पाहून तो भाग प्रत्येक ओळीत पुन्हा पुन्हा मोजला जाऊ शकतो.

ब्राउझरला एवढी मेमरी का लागते हे कळले की उपायही नेमके सुचतात. २००८ मध्ये क्रोम आला तोच वेगवेगळ्या टॅबसाठी स्वतंत्र प्रक्रिया चालवण्याची रचना घेऊन. एक पान कोलमडले तरी बाकीची पाने शाबूत राहावीत हा त्यामागचा एक उद्देश होता, पण प्रत्येक प्रक्रियेला स्वतःचे सामान लागते आणि ते मेमरीत जागा घेते. जानेवारी २०१८ मध्ये स्पेक्टर नावाचा प्रोसेसरमधील दोष जाहीर झाला. एका संकेतस्थळाची स्क्रिप्ट, म्हणजे पानाबरोबर येऊन चालणारा छोटा कार्यक्रम, दुसऱ्याची गुपिते वाचू शकेल असा तो धोका होता आणि त्यावर बचाव म्हणून क्रोमने त्याच वर्षी ६७ व्या आवृत्तीत प्रत्येक संकेतस्थळ वेगळ्या प्रक्रियेत ठेवण्याची व्यवस्था सर्रास लागू केली. त्यामुळे एकूण मेमरीचा वापर सुमारे १० ते १३ टक्क्यांनी वाढतो, असे गूगलनेच तेव्हा सांगितले होते. फायरफॉक्सनेही तशीच व्यवस्था २०२१ मध्ये आणली. बँकेचे आणि सरकारी व्यवहार आपण ज्या यंत्रावर करतो तेथे हे संरक्षण हवेच, म्हणून मेमरी वाचवण्यासाठी ही सोय बंद करण्याचे जे सल्ले फिरतात ते कृपया मानू नयेत.

दुसरे मोठे कारण चित्रांचे आहे. शिगमोत्सवातील चित्ररथाचे छायाचित्र फोनमधून आले तेव्हा फाईल ३ एमबीची असते, पण पडद्यावर दाखवण्यासाठी ते उलगडावे लागते आणि उलगडलेल्या चित्रातील प्रत्येक बिंदूला ४ बाइट लागतात. रुंदीला ४००० आणि उंचीला ३००० बिंदू असलेले चित्र म्हणजे १ कोटी २० लाख बिंदू, म्हणजेच पूर्ण उलगडल्यास सुमारे ४८ एमबी. ब्राउझर नजरेबाहेरची चित्रे सोडून देतो, तरीही अशा वीस-पंचवीस छायाचित्रांचे एकच पान जुन्या संगणकाला जड का जाते ते या गणितावरून लक्षात यावे. तालुक्यातील संस्थांची संकेतस्थळे सांभाळणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे की, छायाचित्रे चढवण्यापूर्वी त्यांची रुंदी १२०० बिंदूंपर्यंत आणावी. पडद्यावर फरक जाणवत नाही आणि मेमरीचा खर्च दहाव्या हिश्शाच्याही खाली येतो.

आता प्रत्यक्ष उपाय. सुरुवात एक्स्टेन्शनपासून करावी, कारण तेथे लाभ कायमचा असतो. टॅब बंद केला तर तेवढ्यापुरती मेमरी सुटते, पण एक्स्टेन्शन रोज ब्राउझरबरोबर उठते आणि अनेकदा प्रत्येक पानात आपली स्क्रिप्ट घुसवते. ज्याचा गेल्या महिन्यात उपयोग झाला नाही ते सरळ काढून टाकावे. जाहिराती अडवणारे एक्स्टेन्शन मात्र याला अपवाद ठरू शकते. ते स्वतः मेमरी घेते, पण जाहिरातींनी भरलेल्या पानांवर त्याहून अधिक वाचवते, म्हणून ते ठेवून आणि काढून दोन्ही वेळा मोजावे आणि मग ठरवावे.

यानंतर क्रोमच्या सेटिंग्जमधील सिस्टिम या भागात जाऊन, ब्राउझर बंद केल्यावरही पार्श्वभूमीला अॅप चालू ठेवण्याची सोय बंद करावी. एजमध्ये अशीच सोय आणि त्याशिवाय ‘स्टार्टअप बूस्ट’ असते. या दोन्ही चालू असल्या तर खिडकी बंद केल्यावरही एजच्या प्रक्रिया मेमरीत बसून राहतात. ४ जीबीच्या यंत्रावर एका वेळी एकच ब्राउझर चालवावा हेही येथेच सांगतो, कारण दुसरा ब्राउझर उघडला की त्याचा सगळा पाया नव्याने मेमरीत येतो.

टॅब झोपवण्याच्या सोयींकडे जरा तपशिलाने पाहायला हवे. क्रोममध्ये डिसेंबर २०२२ च्या सुमारास ‘मेमरी सेव्हर’ आला. सेटिंग्जमधील परफॉर्मन्स या भागात तो चालू करता येतो आणि तेथे मॉडरेट, बॅलन्स्ड आणि मॅक्सिमम असे तीन पर्याय मिळतात. आमच्या चारही जुन्या यंत्रांवर मी मॅक्सिमम ठेवला आहे. काही वेळ न वापरलेला टॅब यात मेमरीतून पूर्णपणे काढला जातो, वरच्या पट्टीत त्याचे नाव मात्र तसेच राहते आणि त्यावर टिचकी मारली की पान नव्याने उतरते. नव्याने उतरते याचा अर्थ नीट ध्यानात घ्यावा. इंटरनेट मंद असेल तर पुन्हा थांबावे लागते आणि पावसाळ्यात जोडणी तुटलेली असेल तर पान मिळतच नाही. म्हणून वाचायचा महत्त्वाचा मजकूर टॅबमध्ये ठेवून न देता पीडीएफ करून जपावा.

अर्धवट भरलेला अर्ज, चालू असलेला आवाज वा चित्रफीत आणि चालू डाउनलोड असलेले टॅब मेमरी सेव्हर सहसा झोपवत नाही. तरीही त्यावर सर्वस्वी विसंबू नये. पानाची रचना वेगळी असेल तर अर्ज भरला जात आहे हे ब्राउझरला ओळखता येईलच असे नाही आणि मेमरी अगदीच संपली तर प्रक्रिया बंद पडू शकते. म्हणून ज्या संकेतस्थळांवर तुम्ही अर्ज भरता त्यांची नावे परफॉर्मन्सच्याच पानावरील ‘नेहमी सक्रिय ठेवा’ या यादीत घालावीत. वाचनालयात आम्ही आणखी एक शिस्त लावली आहे. अर्ज भरताना दुसरा टॅब उघडायचा नाही, जोडपत्रे आधीच डेस्कटॉपवर काढून ठेवायची आणि लांब उत्तरे नोटपॅडमध्ये लिहून मगच रकान्यात चिकटवायची.

एजमध्ये २०२१ पासून ‘स्लीपिंग टॅब्स’ आहेत आणि किती वेळाने टॅब झोपवावा हे तेथे निवडता येते. फायरफॉक्समध्ये विंडोजवरची मेमरी कमी पडू लागली की जुने टॅब आपोआप मेमरीतून काढण्याची सोय ऑक्टोबर २०२१ मधील ९३ व्या आवृत्तीपासून आहे, आणि २०२५ मधील १४० व्या आवृत्तीपासून टॅबवर उजवी टिचकी मारून ‘अनलोड टॅब’ निवडता येते. मला ही शेवटची सोय सर्वांत आवडते, कारण कोणता टॅब कधी मेमरीतून काढायचा याचा निर्णय तेथे वापरणाऱ्याच्या हाती राहतो.

काही गोष्टींवर वेळ घालवू नये. ब्राउझरचा साठा पुसणे, म्हणजे कॅशे साफ करणे, हा मुख्यतः डिस्कवरील साठ्याचा विषय आहे. त्याने मेमरी सुटत नाही, उलट सगळी पाने पुन्हा उतरवावी लागतात. इनकॉग्निटो, म्हणजे पाहिलेल्या पानांची नोंद न ठेवणारी, खिडकीही तेवढीच मेमरी घेते. ‘रॅम साफ करतो’ असे सांगणारे कार्यक्रम चालू प्रक्रियांचा मजकूर बळेच डिस्कवर ढकलतात. त्यामुळे आकडा क्षणभर सुखावतो आणि पुढच्याच टिचकीला तो सगळा मजकूर डिस्कवरून परत वाचावा लागतो.

यंत्रात भर घालणे शक्य असेल तर अवश्य घालावी. खरेदीपूर्वी मदरबोर्डवर मेमरी बसवण्याची खाच, म्हणजे स्लॉट, मोकळा आहे का आणि मेमरी डीडीआर३ प्रकारची आहे की डीडीआर४ हे पाहून घ्यावे. विंडोज ३२ बिटची असेल तर ४ जीबीच्या पुढची मेमरी तिला वापरता येत नाही, हेही आधी तपासावे. स्लॉट नसेल तर फिरत्या डिस्कच्या जागी एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क, बसवल्यानेही गोठणे बरेच कमी होते.

ब्राउझर बनवणाऱ्यांनी या बाबतीत काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. २०२० मध्ये क्रोमच्या ८० व्या आवृत्तीत जावास्क्रिप्ट, म्हणजे पानांतील स्क्रिप्ट ज्या भाषेत लिहितात ती, चालवणाऱ्या व्ही८ इंजिनाने मेमरीतील पत्ते ६४ ऐवजी ३२ बिटांत लिहिण्याची युक्ती स्वीकारली आणि त्या इंजिनाचा मेमरीतील साठा कमाल ४३ टक्क्यांनी घटला. पुढच्याच वर्षी ८९ व्या आवृत्तीत मेमरी वाटून देण्याची पद्धत बदलल्यावर विंडोजवरील मुख्य प्रक्रियेची मेमरी कमाल २२ टक्क्यांनी कमी झाल्याचे गूगलने सांगितले. ही कामे वापरणाऱ्याला दिसतही नाहीत, पण जुन्या यंत्रांना त्यांनी आयुष्य दिले आहे. त्यासाठी एकच करायचे असते, ब्राउझर अद्ययावत ठेवायचा.

पुढच्या सुधारणांमध्ये माझी पहिली अपेक्षा झोपलेल्या टॅबविषयी आहे. टॅब मेमरीतून काढण्यापूर्वी रकान्यांत भरलेला मजकूर आणि वाचनाची जागा डिस्कवर लिहून ठेवावी आणि पान परतल्यावर ती जशीच्या तशी मांडावी, इतके भरवशाचे काम झाले तर आमच्याकडच्या मुलांना दुसरे काही नको. दुसरी अपेक्षा मर्यादेची आहे. ऑपेरा जीएक्स या ब्राउझरमध्ये मेमरीची कमाल मर्यादा ठरवून देता येते आणि तशी सोय सर्वच ब्राउझरांत सहज सापडेल अशी असावी. तिसरी अपेक्षा थोडी काळजीतून आली आहे. क्रोममध्ये आता संगणकावरच चालणारे भाषा-मॉडेल, म्हणजे मजकूर लिहिणारी कृत्रिम बुद्धिमत्ता, येऊ लागले आहे आणि त्यासाठी डिस्कवर २२ जीबी मोकळी जागा लागते. अशा सोयी मागितल्यावाचून सुरू होऊ नयेत आणि लहान यंत्रांचा ब्राउझर त्यांच्यामुळे जड होऊ नये. सर्वो आणि लेडीबर्ड ही ब्राउझरची नव्याने घडणारी इंजिने मी आस्थेने पाहतो. सर्वोचे काम फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलात २०१२ मध्ये सुरू झाले आणि त्यातील पानाची शैली, म्हणजे रंग आणि अक्षरे, ठरवणारा भाग २०१७ मध्ये फायरफॉक्समध्ये आलाही. पण ज्यावर अर्ज भरायचे त्या यंत्रावर आज तरी रूढ ब्राउझरच ठेवावा.

या अपेक्षा कळवण्याचा मार्ग आपल्याकडे आहे. क्रोमच्या मदत या यादीतून अडचण कळवता येते. फायरफॉक्समध्ये पत्त्याच्या पट्टीत ‘अबाउट’ आणि ‘मेमरी’ हे इंग्रजी शब्द, मध्ये अपूर्णविराम घालून, सलग लिहिले की मेमरीचा सविस्तर अहवाल मोजून जतन करता येतो. तो जतन करण्यापूर्वी तेथील ‘अॅनॉनिमाइझ’ या चौकटीत खूण करावी, कारण अन्यथा उघडलेल्या पानांचे पत्ते अहवालात जातात. यंत्रात किती मेमरी आहे, कोणती पाने उघडी होती आणि गोठण्यापूर्वी नेमके काय केले हे अहवालाबरोबर लिहिले की तो वाचणाऱ्याला दोष शोधणे पुष्कळ सोपे जाते.