फ्लॉपी ड्राइव्ह नाही? बूट सीडी तरीही बनते

जुन्या मशीनचं बायोस (कॉम्प्युटर सुरू करणारा मदरबोर्डवरचा प्रोग्राम) अपडेट करायला डॉसची (विंडोजआधीची जुनी ऑपरेटिंग सिस्टिम) बूट फ्लॉपी लागते, आणि फ्लॉपी ड्राइव्ह तर कधीच काढून टाकलेला असतो. पण खरी फ्लॉपी लागतच नाही, तिची इमेज (अख्ख्या फ्लॉपीची हुबेहूब प्रत असलेली एकच फाइल) पुरते.

१. डॉस बूट फ्लॉपीची तयार इमेज उतरवून घ्या. फाइल नेमकी १४,७४,५६० बाइटची हवी. कमी-जास्त असेल तर दुसरी शोधा.

२. ही इमेज फ्लॉपी-इमेज एडिटरमध्ये (फोटोच्या नव्हे) उघडून बायोस अपडेटची फाइल आतच टाका. सगळी गोम इथेच आहे. सीडीवर बाहेर ठेवलेली फाइल डॉसला सीडीचा ड्रायव्हर असल्याशिवाय दिसत नाही. जागा कमी पडली तर इमेजमधल्या नको त्या फाइली खुशाल उडवा.

३. बर्निंग सॉफ्टवेअरमध्ये ‘बूटेबल सीडी’ निवडा, ही इमेज दाखवा, इम्युलेशन (सीडीने कशाची नक्कल करायची ते) १.४४ एमबी फ्लॉपी ठेवा आणि बर्न करा. नुसती इमेज फाइल डेटा म्हणून कॉपी केली तर सीडी बूट होणार नाही.

४. बायोसमध्ये बूटच्या क्रमात सीडी ड्राइव्ह पहिला लावा. बूट झालं की ‘ए:\>’ दिसेल, जणू फ्लॉपीच घातलीय!

फक्त एक: या ‘ए:’वर काहीच लिहिता येत नाही. जुन्या बायोसचा बॅकअप तिथे सेव्ह होणार नाही.