गोरिला ट्रेकला निघताय? या चुका टाळा

युगांडातल्या ब्विंडीच्या जंगलात पर्वतीय गोरिलांसमोर फक्त एक तास मिळतो. कळप दिसला की घड्याळ सुरू होतं आणि वेळ संपली की रेंजर हळूच मागे फिरायची खूण करतो. या तासासाठी परदेशी माणसाला जुलै २०२४ पासून ८०० डॉलर मोजावे लागतात. शेजारच्या रवांडात १,५००. इतका खर्च करून जाणाऱ्यांच्या निम्म्या चुका जंगलात पाऊल टाकण्याआधीच, घरी बसून झालेल्या असतात.

आमची पहिली चूक तशीच होती. ब्विंडीचे बुहोमा, रुहिजा, रुशागा आणि न्कुरिंगो असे चार भाग आहेत आणि परमिट त्यातल्या एकाच भागाचं असतं. आमच्या एजंटने परमिट रुशागाचं काढलं, मुक्काम बुहोमात ठेवला. नकाशावर दोन्ही एकाच जंगलाला चिकटलेले दिसले म्हणून आम्हीही काही विचारलं नाही. प्रत्यक्षात मध्ये डोंगर आणि त्यांना वळसे घालणारा कच्चा रस्ता. सकाळी आठच्या सुमाराच्या ब्रीफिंगसाठी आम्ही पहाटे साडेतीनला अंधारात निघालो. ट्रेक सुरू होण्याआधीच सगळे गळून गेले होते. पैसे भरण्यापूर्वी परमिटवरच्या भागाचं नाव स्वतः वाचा. गोंधळ झालाच असेल तर परमिटच्या मागे लागू नका, मुक्काम हलवा.

यलो फीवरची लस शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका. ती सरकारमान्य केंद्रातच मिळते आणि प्रमाणपत्र दहा दिवसांनंतर ग्राह्य धरलं जातं. हे प्रमाणपत्र, म्हणजेच पिवळं कार्ड, नसेल तर परत येताना भारतातल्या विमानतळावरून थेट विलगीकरणात जावं लागू शकतं.

सह्याद्रीत फिरणाऱ्यांची एक चूक ठरलेली: ‘हरिश्चंद्रगड नळीच्या वाटेने केलाय, हे काय अवघड?’ पण ब्विंडीत वाटच नसते. गोरिला रोज रात्री नवीन घरटं करतात. ट्रॅकर पहाटे कालच्या घरट्यांपासून माग काढत पुढे जातात आणि आपण त्यांच्या मागोमाग, कोयत्याने वेली तोडत. कधी तासाभरात कळप सापडतो, कधी सहा तास लागतात. पायाखाली माती नसते, दबलेल्या वेलींची गादी असते आणि पाय मांडीपर्यंत आत जातो. तोल गेला की हात आपोआप जवळच्या झुडपाला धरतो आणि तिथे नेमकी आग्या, म्हणजे अंगाची आग करणारी काटेरी वनस्पती, असते. माझ्या पातळ सुती हातमोज्यांतून तिचे काटे आरपार गेले. खाजकुइली लागलेल्यांना ती आग सांगायला नको. बागकामाचे जाड हातमोजे आणि पूर्ण पँट घ्या. पँटचे पाय मोज्यांत खोचा, कारण मुंग्यांची रांग ओलांडावी लागली तर त्या आतून वर चढतात. कोरडा महिना निवडला तरी रेनकोट सोडू नका. हे पर्जन्यवन आहे.

आता सगळ्यात गंभीर चूक: सर्दी-खोकला लपवणं. इतके पैसे भरलेत, दोन गोळ्या घेऊ आणि जाऊ, असं वाटणं स्वाभाविक आहे, पण कृपा करून जाऊ नका. आपले श्वसनाचे आजार गोरिलांना होतात. १९९६ मध्ये याच जंगलात माणसांकडून खरूज गोरिलांच्या एका कुटुंबात शिरली आणि एक पिल्लू दगावलं. २०१९ मध्ये जाहीर झालेल्या गणनेनुसार जगात पर्वतीय गोरिला १,०६३ होते. प्राणिसंग्रहालयात एकही नाही, म्हणजे जंगलातले गेले की गेलेच. सकाळी घसा खवखवत असेल तर ब्रीफिंगच्या वेळीच रेंजरला सांगा. मास्क नाकाखाली ओढू नका. शौचाला जायचं असेल तर रेंजर कोयत्याने फूटभर खोल खड्डा खणून देतो. लाजून आडोशाला उरकू नका.

अंतर दहा मीटरचं ठेवायचं असतं, पण गोरिलांना तो नियम माहीत नसतो. आमच्यासमोर एक मादी वेलीची साल दातांनी पट्ट्यापट्ट्यांनी सोलत बसली होती. तिचं पिल्लू घरंगळत थेट आमच्या बुटांकडे आलं. पुढे झालेला एकाचा हात रेंजरने लगेच मागे ओढला. अशा वेळी आपण सावकाश मागे सरकायचं. सिल्वरबॅक, म्हणजे पाठीवर रुपेरी केस असलेला प्रौढ नर, छाती बडवत अंगावर आला तर पळू नका. खाली बसा, नजर झुकवा, रेंजरकडे लक्ष द्या. बहुतेक वेळा तो फक्त धाक दाखवत असतो. फ्लॅश हॉटेलवरच बंद करून ठेवा.

आणि पोर्टर घ्या, बॅग हलकी असली तरी. मी चढताना नको म्हटलं होतं. वाटेत निसरड्या उतारावर दुसऱ्याच्या पोर्टरने मनगट घट्ट धरून मला खाली आणलं. जंगलाच्या कडेला शेती करणारी ही माणसं, आणि पूर्वी रानडुकरांसाठी सापळे लावणारे काही जणही आता हेच काम करतात. त्याच सापळ्यांत गोरिलांचे हात अडकतात. पोर्टरची मजुरी आणि वरची बक्षिसी खाली उतरल्यावर त्याच्याच हातात द्या, सुटे शिलिंग आदल्या दिवशीच काढून ठेवा.