वजनकाट्यावरील अदलाबदल मी कशी रोखली

गेल्या गळीत हंगामापूर्वी निपाणी भागातील एका साखर कारखान्याच्या वजनकाट्याचा प्रोग्राम मी रस्ट या प्रोग्रामिंग भाषेत लिहीत होतो. उसाने भरलेल्या ट्रॅक्टरचे वजन आणि ऊस उतरवून परतल्यावरचे रिकामे वजन ही दोन्ही माझ्या फंक्शनला यू३२ या एकाच पूर्णांक प्रकारात (३२ बिटचा, ऋण आकडा न ठेवू शकणारा) मिळत होती, आणि एका ठिकाणी मी त्यांचा क्रम उलटा दिला. २४,६८० मधून ७,३४० वजा होण्याऐवजी उलट वजाबाकी झाली आणि पडद्यावर ४,२९,४९,४९,९५६ किलो उमटले, कारण रिलीज बिल्डमध्ये, म्हणजे प्रत्यक्ष वापरासाठी बांधलेल्या प्रोग्राममध्ये, ओव्हरफ्लोची (आकडा मर्यादेबाहेर गेल्याची) तपासणी एरवी बंद असते व शून्याखाली गेलेला आकडा वरच्या टोकाकडून फिरून येतो. चूक चाचणीतच सापडली हे बरे झाले. त्या पावतीवर शेतकऱ्याचे बिल ठरते.

मी ‘भरलेले वजन’ आणि ‘रिकामे वजन’ असे एकेका फील्डचे (आत एकच मूल्य असलेले) दोन स्वतंत्र स्ट्रक्ट, म्हणजे स्वतःचे डेटा प्रकार, केले. आत तोच यू३२ असल्यामुळे मेमरी वाढत नाही, मात्र क्रम चुकला की कोड तपासून प्रोग्राम बांधणारा कंपायलर तिथेच अडवतो. फील्ड खाजगी ठेवले आणि वजाबाकी एकाच मेथडमध्ये (त्या प्रकाराच्या स्वतःच्या फंक्शनमध्ये) चेक्ड-सब या मर्यादा तपासणाऱ्या वजाबाकीने केली, म्हणजे रिकामे वजन जास्त आल्यास आकड्याऐवजी ‘नन’, म्हणजे ‘उत्तर नाही’, मिळते. छपाईच्या सोयीसाठी, मूल्य मजकुरात कसे दिसावे हे सांगणारा डिस्प्ले ट्रेट लिहिला. आतले मूल्य थेट उघडे करणारा डीरेफ ट्रेट मात्र मुद्दाम टाळला, कारण त्यामुळे आतल्या पूर्णांकाच्या सर्व मेथड बाहेरून वापरता आल्या असत्या.

बदलानंतरच्या पहिल्याच बिल्डमध्ये कंपायलरने आणखी एक जागा दाखवली: दुबार पावतीच्या फंक्शनमध्येही क्रम उलटाच होता.