थंडीत जुनं इंजिन तापत नाही: थर्मोस्टॅट उघडा अडकलेला

थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन तापेपर्यंत कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप.

लक्षण: २० मिनिटं चालवूनही तापमानाचा काटा पाव भागावरच, हायवेवर तर आणखी खाली, हीटरची हवा कोमट. रेडिएटरपुढे पुठ्ठा लावला, टेम्परेचर सेन्सर बदलला. फरक नाही, नुसता वैताग.

खरी खूण इंजिनातून रेडिएटरकडे जाणाऱ्या वरच्या होजमध्ये (रबरी नळीत). तो आधी गार राहून मग एकदम तापायला हवा. इथे सुरुवातीपासूनच हळूहळू कोमट होत होता.

इंजिन पूर्ण गार झाल्यावर थोडं कूलंट काढलं, थर्मोस्टॅटच्या हाउसिंगचे (कव्हरचे) बोल्ट सोडले. थर्मोस्टॅट गार असूनही उघडा! मॅन्युअलप्रमाणे ८८ अंशांचा नवा घेतला, गरम पाण्यात उघडतो का पाहिलं. स्प्रिंग इंजिनकडे, जिगल पिन (हवा बाहेर सोडणारी छोटी पिन) वर, गॅस्केट नवं. कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी निम्मं-निम्मं. मग रेडिएटरची कॅप उघडी ठेवून, हीटर फुल गरमवर, बुडबुडे थांबेपर्यंत इंजिन चालवलं. हवा अडकली तर हीटर पुन्हा कोमटच राहतो. शेवटी पातळी भरून कॅप लावली. काटा आता मध्यावर स्थिर.