आजोळी वाढणारं लेकरू सरकारी आकड्यांत कसं शोधायचं

मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी मला एक आजी भेटल्या. हातात साडीच्या दुकानाची प्लास्टिकची पिशवी. तिच्यात रेशनकार्ड, जावयाचा मृत्यूचा दाखला, नातवाचं शाळेचं बोनाफाईड आणि घडी घालून घालून मऊ पडलेलं बँकेचं पासबुक. नातू सहावीत. वडील वारले, आईनं दुसरं लग्न केलं, ती आता सुरतेला. पोरगा तीन वर्षांपासून आजोळी. बोलता बोलता आजींनी विचारलं, "असली लेकरं किती असतील रं बाबा आपल्या जिल्ह्यात?"

मला सांगता आलं नाही. घरी येऊन शोधायला बसलो, तेव्हा कळलं की आकडे आहेत, पण एका जागी नाहीत. एकच मूल वेगवेगळ्या तक्त्यांत वेगवेगळ्या नावानं बसलेलं असतं, आणि काही तक्त्यांत त्याचा पत्ताच नसतो. पुढे लिहितोय ती त्या शोधाची वाट आहे. पत्रकार, शिक्षक, सामाजिक कार्यकर्ते किंवा पदवीचा प्रकल्प करणारे विद्यार्थी, कुणालाही ती घरच्या संगणकावरून चालता येईल.

पहिली पायरी: आकड्याआधी शब्द तपासा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. आपण बोलताना "मामाकडे ठेवलंय", "आत्याकडे असतो", "आजोळी वाढतोय" म्हणतो. सरकारी कागदात यासाठी एक शब्द नाही.

बाल न्याय अधिनियम, २०१५ मध्ये कलम ४४ प्रतिपालकत्वाचं, म्हणजे फॉस्टर केअरचं. व्याख्या नीट वाचा: मुलाला त्याच्या जैविक कुटुंबाव्यतिरिक्त दुसऱ्या, निवडलेल्या आणि मान्यता दिलेल्या कुटुंबात बाल कल्याण समितीनं ठेवणं. कलम ४५ प्रायोजकत्वाचं, म्हणजे मूल आहे तिथेच राहतं आणि त्या घराला आर्थिक मदत मिळते. मिशन वात्सल्य या केंद्राच्या बाल संरक्षण योजनेच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत दोन्हींसाठी महिना ४,००० रुपये ठरले. आणि अनाथ मूल नातेवाईकांच्या विस्तारित कुटुंबात राहत असेल, तर त्याचा उल्लेख प्रायोजकत्वाच्या पात्रतेत आहे. केंद्राच्या तक्त्यातला फॉस्टर केअरचा आकडा पाहून "नातेवाईकांकडची मुलं एवढीच" असं कुणी लिहिलं, तर ते साफ चुकतं. आजीकडचं मूल मुख्यतः शेजारच्या रकान्यात शोधायचं.

महाराष्ट्रात गुंता आणखी वाढतो. इथे राज्याची स्वतःची बाल संगोपन योजना आहे, आता तिचं नाव क्रांतीज्योती सावित्रीबाई फुले बाल संगोपन योजना. महिन्याला ४२५ रुपये मिळायचे, ते आधी १,१०० आणि २०२३ मध्ये २,२५० झाले. इंग्रजी कागदांत या योजनेचा उल्लेख फॉस्टर केअर असा होतो. पण तिच्या निकषांत एक पालक हयात असलेली, त्याच पालकाजवळ राहणारी मुलंही बसतात. विधवा आईच्या कुशीत झोपणारं मूल इंग्रजी अहवालात "फॉस्टर केअर"मध्ये मोजलं जातं, आणि केंद्राच्या व्याख्येनं आजीजवळचं मूल त्यात येत नाही. हे डोक्यात पक्कं बसल्याशिवाय पुढे जाऊ नका.

तिसरा कप्पा अनाथ आरक्षणाचा. राज्यानं २०१८ मध्ये अनाथांसाठी १ टक्का आरक्षण आणलं, आणि आता त्यात संस्थात्मक व संस्थाबाह्य असे दोन गट आहेत. नातेवाईकांकडे वाढलेलं अनाथ मूल संस्थाबाह्य गटात. पण आमच्या आजींच्या नातवाची आई हयात आहे, म्हणून तो या कप्प्यात नाही.

वहीचं एक पान घ्या आणि तीन उभे रकाने पाडा: मूल कुणाजवळ राहतं, आईवडिलांपैकी कोण हयात आहे, कोणती योजना. पुढे जो आकडा हाती येईल, तो या पानावर कुठे बसतो ते ठरवा. बसत नसेल तर तो वापरू नका.

दुसरी पायरी: संसदेतली उत्तरं

संसदेच्या संकेतस्थळावर लोकसभा आणि राज्यसभेतल्या प्रश्नांची उत्तरं मिळतात. महिला व बाल विकास मंत्रालय निवडून मिशन वात्सल्य, प्रायोजकत्व, प्रतिपालकत्व असे शब्द टाका. इंग्रजी स्पेलिंगनंही शोधा, जास्त सापडतं. उत्तराच्या शेवटी परिशिष्टात राज्यवार तक्ता असतो, खरा माल तिथे आहे.

एक धोका सांगतो. अनेक तक्त्यांत प्रायोजकत्व, प्रतिपालकत्व आणि अठरा वर्षांनंतरची अनुरक्षण सेवा एकत्र करून "संस्थाबाह्य देखभाल" असा एकच रकाना केलेला असतो. तो फोडता येत नाही. तीन वेगळे रकाने देणारं दुसऱ्या अधिवेशनातलं उत्तर शोधा. शिवाय आकडा "३१ मार्चला लाभ घेत असलेली मुलं" असा आहे की "वर्षभरात लाभ मिळालेली", हे शीर्षकात पाहा. पहिला आकडा हौदातल्या पाण्याचा, दुसरा नळातून आलेल्या पाण्याचा. त्यांची वजाबाकी करून "मुलं घटली" असा निष्कर्ष काढलेला मी छापील लेखात वाचला आहे.

तिसरी पायरी: योजनेबाहेरची मुलं

योजनेचे आकडे फक्त पोहोचलेल्यांचे. ज्या आजींना योजनेचं नावच माहीत नाही, त्यांचं घर कुठे दिसतं? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात. हे सर्वेक्षण मुंबईत देवनारची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था करते. २०१९–२१ च्या पाचव्या फेरीत देशभरातली ६,३६,६९९ कुटुंबं होती. राष्ट्रीय अहवालात घरांच्या लोकसंख्येवरच्या प्रकरणात मुलं कुणासोबत राहतात आणि पालक हयात आहेत का, याचा तक्ता आहे. अठरा वर्षांखालची मुलं दोन्ही पालकांसोबत राहतात, फक्त आईसोबत, फक्त वडिलांसोबत, की दोघांशिवाय, असे गट पाडलेले असतात. "दोघांशिवाय" गटाचे पुन्हा चार भाग: दोघं हयात, फक्त आई हयात, फक्त वडील हयात, दोघंही नाहीत. आजींचा नातू या चारपैकी दुसऱ्या भागात. मला तो तिथे सापडला तेव्हा खरंच बरं वाटलं.

एक्सेल, आर किंवा स्टाटा येत असेल तर पुढे जा. नोंदणी करून आणि डेटा कशासाठी हवा ते लिहून सर्वेक्षणाच्या मूळ नोंदी मागवता येतात. त्यात घरातल्या प्रत्येक माणसाची एक ओळ असते. रकान्यांना सांकेतिक नावं असतात. एचव्ही१०१ (HV101) मध्ये कुटुंबप्रमुखाशी नातं: नातवंड, भाचा-पुतण्या, दत्तक किंवा सावत्र. एचव्ही१११ मध्ये आई हयात आहे का, एचव्ही११२ मध्ये आईचा घरातला ओळ क्रमांक. तो शून्य असेल तर आई त्या घरात राहत नाही. एचव्ही११३ आणि एचव्ही११४ तसेच वडिलांसाठी. दोन्ही ओळ क्रमांक शून्य आणि नातं "नातवंड" अशी चाळणी लावली की आजी-आजोबांकडे वाढणारी मुलं समोर येतात. टक्केवारी काढण्याआधी एचव्ही००५ मधलं वजन (त्या घराला हिशेबात किती भार द्यायचा तो अंक) दहा लाखांनी भागून लावा, नाहीतर आकडा खोटा येईल.

इथे तीन गोष्टी सांभाळा. एक, महाराष्ट्र आणि गोवा पहिल्या टप्प्यात होते, आणि तो टप्पा कोविडच्या आधी संपला. कोविडनं पोरकी केलेली मुलं यात नाहीत. दोन, सर्वेक्षण घरांचं आहे. बालगृहं, वसतिगृहं यात येत नाहीत. तीन, विचारलं जातं ते आई या घरात "नेहमी राहते का" असं. बीडसारख्या जिल्ह्यात आईवडील ऊसतोडीला गेले की लेकरू सहा महिने आजीजवळ असतं. घरच्यांनी "हो, इथंच राहतात की" असं सांगितलं, तर ते मूल दोन्ही पालकांसोबत मोजलं जातं. जिल्हा पातळीवर तर अशी मुलं नमुन्यात इतकी कमी येतात की राज्याच्या खाली उतरूच नये असं माझं मत आहे.

चौथी पायरी: पैशावरून पडताळा

शासन निर्णय महाराष्ट्र शासनाच्या संकेतस्थळावर आहेत. विभाग "महिला व बाल विकास", शब्द "बाल संगोपन". दर कधी बदलला, निकष काय, निधी किती सोडला हे तिथे मिळतं. राज्याच्या बीम्स या अर्थसंकल्पाच्या ऑनलाइन प्रणालीवर तरतूद, वितरण आणि खर्च दिसतो. तिथे प्रधान शीर्ष, म्हणजे खर्चाच्या मुख्य गटाचा क्रमांक, २२३५ पाहा: सामाजिक सुरक्षा व कल्याण.

आता साधा भागाकार. महिना २,२५० म्हणजे एका मुलाचे वर्षाचे २७,००० रुपये. उदाहरणादाखल, जिल्ह्यात वर्षाला १ कोटी ८ लाख वाटले असतील तर ती ४०० मुलांची पूर्ण वर्षाची रक्कम. लाभार्थी ९०० सांगितले जात असतील, तर मधल्या फरकाची चौकशी करा. मुलं वर्षाच्या मध्यावर दाखल झाली असतील, किंवा पैसे थकले असतील. आजींच्या पासबुकात एका पानावर आठ महिन्यांची रक्कम एकदम पडलेली होती, त्याआधी कोरी जागा. असं असेल तर यंदाच्या खर्चात गेल्या वर्षीचे महिने मिसळलेले असतात. योजना राबवणाऱ्या स्वयंसेवी संस्थांचं प्रशासकीय अनुदान त्याच रकमेत आहे का, तेही पाहा.

पाचवी पायरी: माहितीचा अर्ज

जे छापलेलं नाही, ते मागा. राज्याच्या ऑनलाइन माहिती अधिकार संकेतस्थळावरून अर्ज करता येतो. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. अर्ज जिल्हा महिला व बाल विकास अधिकारी कार्यालयाकडे करा. सगळा जिल्हावार तक्ता हवा असेल तर पुण्याच्या आयुक्तालयाकडे.

"नातेवाईकांकडे मुलं का जास्त आहेत?" असं विचारू नका. कायद्यात अभिलेख मागता येतो, मत नाही. मी मागतो ते असं: बाल संगोपन योजनेच्या मासिक प्रगती अहवालांच्या प्रती, प्रायोजकत्व व प्रतिपालकत्व मान्यता समितीच्या बैठकांत मंजूर आणि नामंजूर प्रकरणांची फक्त संख्या, आणि अर्जाचा कोरा नमुना. कोरा नमुना मागायला विसरू नका. त्यात "संगोपन करणाऱ्याचं मुलाशी नातं" असा रकाना असेल, तर माहिती कार्यालयात आहे, फक्त बेरीज कुणी केलेली नाही. मग फायलींतली नावं झाकून तेवढा रकाना मागता येतो. नकार आला तर ३० दिवसांत पहिलं अपील.

लिहायला बसताना

दोन जिल्ह्यांची तुलना करण्याआधी तिथे किती संस्था योजना राबवतात ते पाहा. लाभार्थी जास्त म्हणजे पोरकी मुलं जास्त असं नसतं. बरेचदा तिथे एखादी कामसू संस्था असते, इतकंच. दरडोई आकडा काढताना २०११ च्या जनगणनेत पालघर वेगळं नाही हे लक्षात ठेवा. तो जिल्हा २०१४ मध्ये ठाण्यातून निघाला.

एखाद्या तालुक्यात दोन-चारच मुलं असतील तर तालुक्याचं नाव छापू नका. गावात लगेच ओळख पटते. कलम ७४ नुसार मुलाची ओळख उघड करणं गुन्हा आहे. मी वर त्या गावाचं नाव लिहिलेलं नाही ते त्यासाठीच, आणि दोन-तीन तपशील बदलले आहेत.

त्या जिल्ह्याचे मासिक अहवाल अखेर हातात आले. रकाने होते: अनाथ, एक पालक, दुर्धर आजार, इतर. आजींचा नातू "एक पालक"मध्ये मोजला होता. त्याच्या घरात पालक एकही नाही, आजी आहे. तिच्यासाठी त्या तक्त्यात रकाना नव्हता, पण कोऱ्या अर्जात होता, तिसऱ्या पानावर. आता त्या एका रकान्याची बेरीज मागणारा दुसरा अर्ज मी केला आहे.