इंग्रजीतले रंग: शब्द, छटा आणि वाक्प्रचार पक्के कसे करावेत

रंगांची इंग्रजी नावं आपल्याला पहिलीपासून पाठ असतात. तरीही बोलायची वेळ आली की 'रेड कलर शर्ट', 'ब्लॅक आइज', 'फेंट पिंक' असले प्रयोग तोंडून निघून जातात. यातला एकेक शब्द खरा आहे, पण त्याच्या शेजारी जे बसवलंय ते इंग्रजीत तिथे बसत नाही. म्हणून रंगाचा शब्द सुटा पाठ करू नका. तो ज्या नामासोबत आणि ज्या क्रियापदासोबत येतो, त्यांच्यासकट उचला.

आधी अकरा शब्द

ब्रेंट बर्लिन आणि पॉल के या अभ्यासकांनी १९६९ मध्ये मांडलेल्या यादीनुसार इंग्रजीत मूळ रंगनामं अकरा आहेत: ब्लॅक, व्हाइट, रेड, ग्रीन, येलो, ब्लू, ब्राउन, पर्पल, पिंक, ऑरेंज आणि ग्रे. सुरुवात एवढ्यांवरच करा. 'तानापिहिनिपाजा'चा इंग्रजी उलटा अवतार, म्हणजे 'विबग्योर', घोकल्यामुळे इंडिगो आणि व्हायोलेट हे मोठे शब्द वाटतात. रोजच्या बोलण्यात मात्र जांभळ्याला सर्रास पर्पलच म्हणतात.

अकरा जाड कागदाचे तुकडे घ्या. एका बाजूला रंगाचा ठिपका द्या, दुसऱ्या बाजूला शब्द आणि एक छोटा शब्दसमूह लिहा: 'ग्रे हेअर', 'ब्राउन आइज', 'अ पर्पल फ्लॉवर'. मराठी नाव मुद्दाम लिहू नका. ते लिहिलं की रंग पाहून आधी मराठी शब्द आठवतो, मग त्याचं भाषांतर होतं, आणि बोलताना तेवढ्यात अडखळायला होतं. ठिपका पाहिल्यावर दोन सेकंदांत अख्खा शब्दसमूह तोंडात आला पाहिजे. उजळणी पहिल्या, दुसऱ्या, चौथ्या, आठव्या आणि सोळाव्या दिवशी करा. जो तुकडा अडला तो दुसऱ्या दिवशी पुन्हा घ्या.

मराठी नाव टाळण्याचं आणखी एक कारण आहे. दोन भाषांतल्या रंगांच्या सीमा एकमेकींवर तंतोतंत बसत नाहीत. आपण 'काळे डोळे' म्हणतो, इंग्रजीत ते 'डार्क ब्राउन आइज' किंवा नुसते 'डार्क आइज' असतात. 'अ ब्लॅक आय' म्हणजे मार लागून डोळ्याभोवती आलेला काळानिळा वळ. घाऱ्या डोळ्यांसाठी 'लाइट ब्राउन', आणि हिरवट झाक असेल तर 'हेझल'. पिकलेल्या केसांना सहसा 'ग्रे हेअर' म्हणतात. पूर्ण पांढरेशुभ्र झाले असतील तरच 'व्हाइट'. गोऱ्या वर्णासाठी 'फेअर' वापरा, कारण 'व्हाइट' म्हटलं की वंश समजला जातो. सिग्नलचा मधला दिवा ब्रिटनमध्ये 'अँबर' असतो, अमेरिकेत 'येलो'.

केशरट केसांच्या माणसाला इंग्रजीत 'रेड-हेअर्ड' का म्हणतात, असा प्रश्न पडतो. 'ऑरेंज' हा शब्द आधी फळाचा होता आणि रंगासाठी तो सोळाव्या शतकात रुळला. त्याआधीची नावं तशीच राहून गेली. फळावरून रंगाचं नाव आपल्यालाही परकं नाही. जांभळा आपण जांभळावरूनच घेतला.

वाक्यात रंग कुठे आणि कसा बसतो

सर्वांत जास्त चुका इथे होतात, म्हणून या भागाला सर्वांत जास्त वेळ द्या.

मराठीत 'लाल रंगाचा शर्ट' म्हणतात. त्यातला 'रंगाचा' इंग्रजीत नेण्याची गरज नसते: 'अ रेड शर्ट'. प्रश्न 'व्हॉट कलर इज युअर बॅग?' असा विचारायचा आणि उत्तर द्यायचं 'इट्स ब्लॅक.' 'इट इज ऑफ ब्लॅक कलर' हे व्याकरणाला धरून वाटलं तरी असं कुणी बोलत नाही. 'रंगाचा' लागतो तो एखाद्या वस्तूवरून रंग सांगताना. वाळूच्या रंगाची पिशवी म्हणजे 'अ सँड-कलर्ड बॅग'.

भिंतीला आपण रंग देतो, त्यामुळे 'गिव्ह व्हाइट कलर टू द वॉल' असं वाक्य सुचतं. इंग्रजीत क्रियापद 'पेंट', मग वस्तू, मग थेट रंग: 'पेंट द वॉल व्हाइट'. केस रंगवण्यासाठी 'डाय', रचना तीच: 'शी डाइड हर हेअर ब्राउन'. मध्ये 'इन' नको, 'विथ' नको. 'इन' येतो तो कपड्यांसाठी. 'द मॅन इन ब्लॅक' म्हणजे काळ्या कपड्यांतला माणूस.

रंग आपोआप बदलत असेल तर 'गो' किंवा 'टर्न' घ्या: 'हिज फेस वेंट रेड', 'द लीव्हज टर्न्ड येलो'. 'बिकेम' चुकीचं नाही, पण पुस्तकी वाटतं. शेवटी 'न' लावून क्रियापद होतं ते मूळ अकरांपैकी तिघांचंच: रेडन, ब्लॅकन, व्हाइटन. 'ग्रीनन' किंवा 'ब्लूअन' असं काही नाही.

विशेषणांचा क्रम मराठीत बराच सैल चालतो, इंग्रजीत नाही. मत, आकारमान, वय, रंग, साहित्य हा क्रम लक्षात ठेवा: 'अ स्मॉल ओल्ड ब्लॅक लेदर बॅग'. रंग नेहमी साहित्याच्या आधी येतो. 'लेदर ब्लॅक बॅग' ऐकणाऱ्याला लगेच खटकतं. एक गोष्ट मात्र सोपी आहे: पांढरा, पांढरी, पांढरे यांना मिळून एकच 'व्हाइट', लिंग आणि वचनाप्रमाणे तो बदलत नाही.

मराठीत 'जातो' आणि 'जुळतो' म्हणून भागतं, तिथे इंग्रजी वेगवेगळी क्रियापदं मागते. ऊन किंवा धुण्याने रंग फिका पडला तर 'फेड'. एका कपड्याचा रंग दुसऱ्याला लागला तर 'रन': 'द कलर रॅन'. एखादा रंग माणसाला शोभतो तेव्हा 'सूट', दोन वस्तू एकत्र छान दिसतात तेव्हा 'गो विथ', आणि एकसारख्या रंगाच्या असतात तेव्हा 'मॅच'. 'दॅट ब्लू मॅचेस यू' हे चूक, 'दॅट ब्लू सूट्स यू' हे बरोबर.

छटा: इथे मराठी आपल्या बाजूने आहे

लालसर, निळसर, हिरवट, तांबूस: या शेपटांचं काम इंग्रजीत 'इश' करतो. रेडिश, ब्लूइश, ग्रीनिश, येलोइश. स्पेलिंगमध्ये दोन जागा सांभाळा. रेडिशमध्ये 'डी' दोनदा येतो, आणि ब्लूइशमध्ये ब्लूचा शेवटचा 'ई' गळतो. दोन रंग जोडले की मुख्य रंग शेवटी, अगदी मराठीसारखाच: 'ब्लूइश ग्रीन' म्हणजे निळसर हिरवा.

फिक्यासाठी 'लाइट' किंवा 'पेल' म्हणा. आपल्याकडे रुळलेला 'फेंट' इंग्रजीत पुसट रेषेला किंवा अस्पष्ट आवाजाला शोभतो; कापड 'लाइट पिंक' असतं. गडदसाठी 'डार्क'. 'डीप'मध्ये गडदपणासोबत भरीवपणा येतो, म्हणून 'डीप रेड', 'डीप ब्लू' हे कौतुकाचे शब्द आहेत. 'ब्राइट' म्हणजे झळाळता. भडक या अर्थी नाक मुरडायचं असेल तर 'लाउड' किंवा 'गॅरिश'.

आता खरी गंमत. काळाकुट्ट, काळाभोर, लालबुंद, हिरवागार, पांढराफटक: मराठीतली ही दुसरी पदं कुठेही चिकटत नाहीत, प्रत्येकीची जागा ठरलेली आहे. इंग्रजीतही तसंच. काळाभोर केस 'जेट-ब्लॅक', पण काळाकुट्ट अंधार 'पिच-ब्लॅक' किंवा 'पिच-डार्क'. केसांना 'पिच' लावला तर कानाला खटकतो. हिरवंगार रान 'लश ग्रीन', पण हिरवागार शर्ट 'ब्राइट ग्रीन', कारण 'लश'मध्ये दाट वाढलेली झाडी आहे. लाजून लालबुंद झालेला माणूस 'वेंट ब्राइट रेड'. भीतीने पांढराफटक पडलेला 'अ‍ॅज व्हाइट अ‍ॅज अ शीट'. बर्फासारखं पांढरंशुभ्र ते 'स्नो-व्हाइट'. अशी जोडी भेटली की ती कशासाठी वापरली होती तेही शेजारी टिपून ठेवा.

वस्तूंवरून आलेली आपली नावं कधी जुळतात, कधी नाही. आकाशी 'स्काय ब्लू', विटकरी 'ब्रिक रेड', शेवाळी 'मॉस ग्रीन' हे सरळ. पोपटीला 'पॅरट ग्रीन' म्हटलं तर भारतात कळतं, बाहेर 'लाइम ग्रीन' जवळचं. 'व्हीटिश' हा गव्हाळचा तर्जुमाही भारताबाहेर सहसा समजत नाही. किरमिजी आणि 'क्रिम्झन' मात्र एकाच अरबी मुळाचे आहेत, आणि 'खाकी' तर इंग्रजीने आपल्याच बाजूने उचलला. फारसीत 'खाक' म्हणजे धूळ.

वाक्प्रचार: तीन ढीग करा

आठवड्याला दोनच घ्या आणि प्रत्येकाचं एक पूर्ण वाक्य लिहा.

पहिला ढीग सरळ जुळणाऱ्यांचा, तो भराभर संपतो: ग्रीन लाइट म्हणजे हिरवा कंदील, रेड टेप म्हणजे लालफीत, व्हाइट एलिफंट म्हणजे पांढरा हत्ती, व्हाइट-कॉलर म्हणजे पांढरपेशा. 'इन ब्लॅक अँड व्हाइट' म्हणजे लेखी. आपलं 'पांढऱ्यावर काळं करणं' त्याच्या अगदी शेजारी बसतं.

दुसरा ढीग मराठीत रंग नसलेल्यांचा. 'आउट ऑफ द ब्लू' म्हणजे ध्यानीमनी नसताना. 'वन्स इन अ ब्लू मून' म्हणजे क्वचित कधीतरी. 'इन द रेड' म्हणजे तोट्यात, 'इन द ब्लॅक' म्हणजे फायद्यात. हिशेबाच्या वहीतल्या शाईवरून हे आले. 'सी रेड' म्हणजे संतापाने बेभान होणं. 'अ व्हाइट लाय' म्हणजे कुणाचं मन दुखू नये म्हणून मारलेली निरुपद्रवी थाप.

तिसरा ढीग फसवणारा, त्याला सर्वांत जास्त वेळ द्या. मराठीतला 'हिरवट' म्हातारा चावट असतो, पण इंग्रजीत 'ग्रीन' माणूस नवखा असतो आणि चावट विनोद 'ब्लू' असतो. 'फीलिंग ब्लू' म्हणजे उदास. 'ऑफ कलर' ब्रिटनमध्ये बरं नसलेल्या माणसाला म्हणतात, अमेरिकेत अश्लीलतेकडे झुकणाऱ्या विनोदाला. 'ट्रू कलर्स' (खरं रूप) आणि 'विथ फ्लाइंग कलर्स' (घवघवीत यशाने) कायम अनेकवचनी. 'रंगाचा बेरंग' किंवा 'तोंड काळं करणं' यांचं शब्दशः भाषांतर करूच नका. आधी अर्थ साध्या मराठीत सांगा, मग त्या अर्थाचं इंग्रजी शोधा. शब्दकोशात 'इन्फॉर्मल' किंवा 'ओल्ड-फॅशन्ड' अशी खूण दिसली तर तीही वहीत उतरवा.

उच्चार आणि रोजची दहा मिनिटं

'मोव्ह' (फिका जांभळा) आणि 'बेझ' (फिका, वाळूसारखा) हे दोन उच्चार स्पेलिंगवरून कळत नाहीत, ऐकूनच शिका. आघातही महत्त्वाचा. 'ग्रीनहाउस' एका दमात, जोर 'ग्रीन'वर, म्हणजे रोपांसाठीचं काचघर. 'हाउस'वरही जोर दिला तर हिरवं घर. कलरच्या ब्रिटिश स्पेलिंगमध्ये 'यू' असतो, अमेरिकनमध्ये नसतो. ग्रेमध्ये ब्रिटिश 'ई' लिहितात, अमेरिकन 'ए'. दोन्ही बरोबर, पण एका लेखनात एकच ठेवा.

सरावासाठी रोज एक छायाचित्र घ्या आणि दहा वाक्यं मोठ्याने बोलून रेकॉर्ड करा. त्यांत किमान दोन छटा, एक 'गो' किंवा 'टर्न' आणि रंग धरून तीन विशेषणांची एक ओळ असू द्या. मग रेकॉर्डिंग ऐकताना फक्त 'कलर' हा शब्द किती वेळा आला ते मोजा. ज्या वाक्यातून तो काढला तरी अर्थ बिघडत नाही, ते वाक्य त्याच्याशिवाय पुन्हा बोला.